पंक्चरमावशीचा शून्य खर्च

पंक्चरमावशीला जेवताना कोणी बघितलं की नवख्या माणसाला वाटायचं, बिचारी पायांनी अधू दिसते. कारण बाई रोज दुपारी एक वाजता व्हीलचेअरमध्ये बसून जेवायच्या, आणि तेही रोज वेगळ्या. जेवण झालं की टुणकन उठायच्या, डबा विसळायच्या आणि खुर्चीच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "जा, पास झालीस."

याला जेवणाची परीक्षा म्हणत. मावशी काम करायच्या त्या संस्थेत व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या असलं सामान लोकांना घरी वापरायला मिळायचं, तेही फुकट. माणूस बरा झाला की सामान परत. परत आलेली खुर्ची मावशी उलटी करून तपासायच्या, ब्रेक आवळायच्या, बेअरिंग धुऊन ग्रीस भरायच्या, फाटलेलं बसकं शिवायच्या. मग मांडीवर फळी, फळीवर काठोकाठ भरलेली रश्श्याची वाटी, अशा थाटात खोलीत एक फेरी, उंबऱ्यावरून बाहेर, उतारावरून खाली आणि परत वर. थेंब सांडला की खुर्ची नापास. मावशींच्या हातून नापास खुर्ची आजवर कोणाच्या घरी गेली नव्हती.

मावशी काही हे काम शिकायला कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या. वडिलांचं सायकलचं दुकान. मुलगी म्हणून कोणी दुकानात बसवेना, म्हणून त्या स्वतःच जाऊन बसल्या आणि दहाव्या वर्षी पंक्चर काढायला लागल्या. नाव पडलं ते तेव्हाच. पुढे लग्न झालं, दुकान सुटलं, नाव काही सुटलं नाही. मग नवऱ्याला अर्धांग झाला तेव्हा याच संस्थेतून एक खुर्ची घरी आली. ती डावीकडे कलायची. नवरा जेवायला बसला की वाटी डावीकडे सरकायची आणि रस्सा त्याच्या मांडीवर. माणूस हसण्यावारी न्यायचा. म्हणायचा, "अगं, आज पँटही जेवली." पण हळूहळू त्याने सगळ्यांसमोर जेवणं सोडलं, आणि हे मावशींच्या मनाला फार लागलं. मग एके दिवशी त्यांनी जुन्या सायकलचं बेअरिंग काढून त्या चाकात बसवलं. पुढची तीन वर्षं त्याने मांडीवर वाटी ठेवून सगळ्यांसोबत जेवण केलं. तो गेल्यावर मावशी खुर्ची परत द्यायला आल्या, तर संस्थेचे सेक्रेटरी त्या चाकाकडे बघतच राहिले.

हे सेक्रेटरी म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. पगार घेत नसत, उलट चहाचा खर्च स्वतःच्या खिशातून करायचे. त्यांनी विचारलं, "हे कोणी केलं?" मावशी म्हणाल्या, "मी. का, मोडलं का?" मास्तर म्हणाले, "उद्यापासून याल का?" या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

संस्था म्हणजे तरी काय, तर दोन खोल्या, बाहेर एक उतार आणि भिंतीवर टांगलेले पाने. खोल्यांचं भाडं, विजेचं बिल आणि मावशींचा बेताचा पगार सरकारी अनुदानातून यायचा. एकशे बारा खुर्च्या लोकांच्या घरी फिरत होत्या, आणि फिरत होत्या म्हणजे खरंच फिरत होत्या. एकही कोपऱ्यात उभी नव्हती. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि तिथेच तर माशी शिंकली.

आर्थिक वर्ष संपायला तीन महिने असताना खात्याचं पत्र आलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचलं. "संस्थेने मागील सहा वर्षांत नवीन साहित्य खरेदीवर केलेला खर्च शून्य आहे. सबब, सदर सेवेची गरज नसल्याचे दिसून येते. येत्या वर्षापासून अनुदान बंद करण्यात येत आहे."

मावशींनी विचारलं, "म्हणजे काय हो?"

"म्हणजे आपण सहा वर्षांत एकही नवी खुर्ची घेतली नाही."

"कशाला घ्यायची? जुन्या चालतायत की."

"तेच म्हणतायत ते. चालतायत, तर पैसे कशाला."

मावशी खाली बसल्या. खुर्चीत नाही, जमिनीवरच. सहा वर्षं त्या अभिमानाने सांगत आल्या होत्या की आमच्याकडे काही विकत घ्यावं लागत नाही. लोकांच्या भंगारातल्या सायकली आणून, ट्यूब कापून, नट घासून त्यांनी खर्च वाचवला, आणि त्या वाचवलेल्या खर्चानेच संस्थेचा गळा धरला. "मास्तर, म्हणजे हे मीच केलं की," त्या म्हणाल्या. "आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा." मास्तरांनी नाही नाही म्हटलं, पण गणिताचा माणूस, खोटं नीट जमेना.

संध्याकाळी घरी सुनेला सांगितलं. सून एका कचेरीत कामाला, जगाची माहिती असलेली. ती म्हणाली, "आई, तुमच्या एकट्यांचं नाही हो. सगळीकडे कात्री लागलीय. आणि देणगीदार शोधायला गेलात तर तेही आता भाड्याला, पगाराला पैसे देत नाहीत. त्यांना नवीन काहीतरी लागतं. फोटोत दिसेल असं."

"दुरुस्ती फोटोत दिसत नाही?"

"चालणारी खुर्ची ती चालणारी खुर्ची. फोटोत काय कळणार, आधी मोडली होती म्हणून."

सुनेचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. मास्तरांनी सतरा ठिकाणी अर्ज केले. एकाने विचारलं, तुमच्या कामात नावीन्य काय? मास्तरांनी प्रामाणिकपणे लिहिलं, काही नाही. त्याचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्याने सांगितलं, मोबाइलवर खुर्ची मागवायचं ॲप काढा, त्याला देतो. मावशी म्हणाल्या, "ज्यांना खुर्ची लागते ते शेजाऱ्याला हाक मारतात. शेजारी इथे येतो. हेच आपलं ॲप." तिसऱ्या, एका मोठ्या कंपनीच्या माणसाने मात्र आनंदाने तीस कोऱ्या व्हीलचेअर देऊ केल्या, पाठीवर कंपनीचं नाव ठळक अक्षरांत. भाड्याचं विचारलं तर म्हणाला, देखभालीची तरतूद आमच्या धोरणात नाही. भाड्याचा पत्ता नाही आणि वर आणखी तीस खुर्च्या ठेवायला जागा शोधा. घरचं झालं थोडं, आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मावशींनी त्यातल्या एका खुर्चीच्या पुढच्या चाकाला नुसतं बोट लावलं आणि म्हणाल्या, "महिनाभरात निखळेल. हॉस्पिटलला द्या, त्यांच्याकडे जागा असते." त्याने खरंच दिल्या. फोटोही छापून आला.

उरलं एकच. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की फेरविचारासाठी अर्ज केल्यास अधिकारी येऊन पाहणी करतील. मास्तरांनी अर्ज केला आणि पाहणीची तारीख मिळाली. मग त्यांनी मावशींना समोर बसवलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, आता डोकं वापरायचं. पाहणीला तीन आठवडे आहेत. तोवर ज्या खुर्च्या मोडून येतील, त्यांना हात लावायचा नाही."

"म्हणजे?"

"ढीग करायचा. अधिकारी आले की त्यांना मोडक्या खुर्च्यांचा ढीग दिसला पाहिजे. ढीग दिसला की गरज दिसली. गरज दिसली की अनुदान."

मावशींनी कोपऱ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आयुष्यभर पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगितलंत ना?"

"ही कॉपी नाही. हा न सोडवलेला पेपर आहे."

मावशींनी नाइलाजाने कबूल केलं. संस्था राहिली तर आपण राहू, हे त्यांना कळत होतं. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यात अकरा खुर्च्या जमल्या. मावशी त्यांच्याकडे पाठ करून बसायच्या. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस झाल्या. मास्तर रोज येऊन मोजायचे आणि हात चोळायचे.

पण जित्याची खोड ती. एके सकाळी एक बस ड्रायव्हर आला. आई घसरून पडली होती, पलंगावरून उठवायचं कसं याची चिंता. खोलीत एकही तयार खुर्ची नव्हती. कोपऱ्यातल्या ढिगात वरचीच खुर्ची होती, नुसता एक ब्रेक सैल. दोन मिनिटांचं काम. मावशींनी इकडे तिकडे बघितलं आणि ब्रेक आवळला. एकीने काय होतंय, त्या मनाशी म्हणाल्या. दुपारी एक शिंपी आला, त्याच्या भावासाठी. त्या खुर्चीला ट्यूब हवी होती. दुसऱ्या दिवशी तिघे आले. मावशी प्रत्येक वेळी म्हणायच्या, आता ही शेवटची. मास्तर त्या आठवड्यात तापाने घरी होते, त्यामुळे मोजायला कोणी नव्हतं. आणि ज्या खुर्च्यांना गिऱ्हाईक नव्हतं त्या तरी का सोडायच्या, अर्धवट पडलेल्या बघवत नव्हत्या.

पाहणीच्या सकाळी मास्तर आले, कोपऱ्याकडे बघितलं आणि तिथेच उभे राहिले. कोपरा लख्ख झाडलेला. एकही मोडकी खुर्ची नाही.

"ढीग कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"वापरात आहे," मावशी म्हणाल्या.

मास्तरांनी डोक्याला हात लावला. रागावायला वेळच नव्हता, दारात गाडी थांबली होती.

अधिकारी बाई उंच, कमी बोलणाऱ्या, हातात फाइल. त्यांनी दोन्ही खोल्या बघितल्या, वही बघितली, उतारावरून चालून आल्या. मग पेन काढून विचारलं, "नादुरुस्त खुर्च्या किती?"

मास्तरांनी मावशींकडे बघितलं. अजूनही वेळ होता, दहा-वीस काहीही सांगता आलं असतं. मावशींच्या तोंडातून आलं, "एकही नाही."

"नवीन किती लागतील?"

"एकही नाही."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. अधिकारी बाई म्हणाल्या, "मग खात्याने लिहिलंय ते बरोबरच आहे. मी काय लिहू?"

आता मावशींना राग आला. त्यांचा राग मोठा नसतो, पण सरळ असतो. "लिहा की, बरोबर आहे म्हणून. खुर्च्या मोडत नाहीत असं थोडंच आहे. मोडतात, रोज मोडतात. मी इथे बसलेय म्हणून तुम्हाला दिसत नाही. उद्या कुलूप लावा. सहा महिन्यांत एकशे बाराच्या एकशे बारा खुर्च्या कोपऱ्यात उभ्या राहतील आणि त्यातली माणसं पलंगावर. मग तुम्हाला एकशे बारा नव्या घ्याव्या लागतील. तुमचा तो रकाना छान भरेल. मला एवढंच वाईट वाटतं, की मी नीट काम केलं नसतं तर ही खोली राहिली असती."

बोलून झाल्यावर मावशी पाण्याचा तांब्या शोधायला लागल्या. अधिकारी बाई काही लिहीत नव्हत्या. त्यांनी पेनला टोपण लावलं आणि विचारलं, "खुर्ची नीट झाली हे तुम्हाला कळतं कसं?"

मास्तरांनी घाईने घड्याळ बघितलं. एक वाजत आला होता. "दाखवा ना, मावशी," ते म्हणाले.

मावशींनी डबा उघडला, वाटी काठोकाठ भरली आणि म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच बसा. मी बसले तर म्हणाल सवयीची आहे." अधिकारी बाई क्षणभर घुटमळल्या. मग फाइल मास्तरांकडे दिली आणि बसल्या. मांडीवर फळी, फळीवर वाटी. मावशींनी खुर्ची ढकलली. खोलीतून, उंबऱ्यावरून, उतारावरून खाली. बाईंनी दोन्ही हातांनी साडी सावरली होती, जणू आता पडणारच. वाटीतला रस्सा नुसता हलला, थेंब बाहेर आला नाही. वर येईपर्यंत बाई हसत होत्या.

"आता जेवा," मावशी म्हणाल्या. "परीक्षा अर्धी सोडायची नसते."

बाई जेवल्या. जेवता जेवता बोलायला लागल्या, आणि एकदा लागल्यावर बरंच बोलल्या. "मास्तर, खरं सांगते. अनुदान आता कोणाच्याच हातात नाही. कात्री वरून लागलीय. माझ्याकडच्या तीन हॉस्पिटलांची खरेदीसुद्धा बंद झालीय, एक नवी खुर्ची घेता येत नाही. आणि मागच्या व्हरांड्यात अडीचशे मोडक्या पडल्यात. देणगीत आलेल्या, चकचकीत. दुरुस्तीचे पैसे आहेत, पण दरवर्षी परत जातात. दुरुस्तीला कोणी येतच नाही. येतो तो नवीन विकायलाच येतो."

बाईंचा रोख या दुरुस्तीच्या कामाकडे आहे, हे मास्तरांच्या लक्षात आलं ते मावशींच्या आधी. "पण आम्ही सेवाभावी संस्था," ते म्हणाले. "आम्ही ठेकेदार नाही."

"सरकार आता देणगी देत नाही, मास्तर, काम विकत घेतं," बाई म्हणाल्या. "सगळ्याच संस्थांचं असं चाललंय. चांगलं की वाईट ते मला विचारू नका. दरपत्रक द्या, नमुन्याला दहा खुर्च्या पाठवते. त्या हॉस्पिटलने पास केल्या तर मी पुढे शिफारस करीन. पुढचं मंजूर होईल की नाही, ते मात्र सांगता येत नाही."

मावशींनी एकच विचारलं, "घरोघरच्या खुर्च्या फुकटच राहतील ना?" बाई म्हणाल्या, त्याच्याशी आमचा संबंध नाही. "मग पाठवा," मावशी म्हणाल्या.

दहा खुर्च्या टेम्पोतून आल्या. त्यातल्या चारांच्या पाठीवर त्या कंपनीचं नाव ठळक अक्षरांत होतं आणि पुढची चाकं निखळलेली. मावशींनी मास्तरांकडे बघून नुसत्या भुवया उडवल्या. चार दिवसांत दहाही तयार झाल्या. पण खरी अडचण पुढेच होती. परीक्षा घेतल्याशिवाय मावशी खुर्ची सोडणार नाहीत, आणि दिवसाला जेवण एक. मास्तरांनी लगेच गणित मांडलं, दहा खुर्च्या भागिले एक तोंड. मावशी म्हणाल्या, "तोंडं वाढवा."

म्हणून त्या दिवशी दुपारी एक वाजता गल्लीतल्या लोकांनी जे बघितलं, ते अजून सांगतात. उतारावर दहा व्हीलचेअर, आणि दहांत दहा धडधाकट माणसं जेवत बसलेली. मास्तर, मास्तरांची बायको, रजा काढून आलेली सून, आईला खुर्ची नेलेला तो बस ड्रायव्हर, शिंपी, टेम्पोवाला आणि कुबड्या परत करायला आलेले चार जण, ज्यांना मावशींनी डबा दाखवून बसवून घेतलं. मावशी वाट्या भरत आणि खुर्च्या ढकलत फिरत होत्या. टेम्पोवाल्याची वाटी लवंडली. मावशींनी खुर्ची उलटी केली, मग त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "खुर्ची पास, तू नापास. हलतोस किती."

दहा खुर्च्या गेल्या, आणि मग शांतता. आठवडा गेला, दुसरा गेला. वर्षाचा शेवट जवळ आला. घरमालक येऊन कुलूप कधी लावता विचारून गेला. मास्तरांनी एकशे बारा घरांसाठी एकशे बारा पत्रं लिहिली, "कृपया खुर्ची परत करावी", आणि टपालात टाकायला काही नेली नाहीत. टेबलावर गठ्ठा तसाच पडून. मावशी रोज येऊन काम करत होत्या. काम नसलं की पाने पुसायच्या.

वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी मावशी एका आजोबांच्या परत आलेल्या खुर्चीत जेवायला बसल्या होत्या. फेरी झाली होती, उंबरा झाला होता, उतार झाला होता. वाटी भरलेली. तेवढ्यात पोस्टमन आला. मास्तरांनी पाकीट फोडलं, चष्मा पुसला, आणि उभ्यानेच मनातल्या मनात वाचलं. मग तेच पत्र पुन्हा वरून वाचायला घेतलं.

"मोठ्याने वाचा," मावशी म्हणाल्या. "वाईट असलं तरी वाचा."

मास्तरांनी वाचलं. "संस्थेने सलग सहा वर्षे नवीन साहित्य खरेदीवरील खर्च शून्य ठेवला असल्याचा अनुभव विचारात घेता, तिन्ही रुग्णालयांतील व्हीलचेअर दुरुस्तीचे काम संस्थेस दोन वर्षांसाठी देण्यात येत आहे."

दोन वर्षं. भाडं, वीज, पगार, सगळं बसत होतं त्यात. मास्तर टेबलावरच्या गठ्ठ्यातली पत्रं एकेक करून फाडायला लागले होते. मावशी म्हणाल्या, "ते शून्याचं परत वाचा."

मास्तरांनी परत वाचलं.

"परत एकदा."

मास्तर तिसऱ्यांदा वाचायला लागले आणि मध्येच थांबले. मावशींच्या मांडीवर, डाव्या बाजूला, लुगड्यावर रश्श्याचा मोठा डाग पसरत होता. बारा वर्षांत पहिल्यांदा मावशींची वाटी परीक्षा झाल्यावर सांडली होती. खुर्ची जागची हललीसुद्धा नव्हती.

मावशींनी डाग बघितला. मग डोळ्यांना पदर लावला, वाटी खाली ठेवली आणि भिंतीवरचा पाना काढला.

"नापास," त्या म्हणाल्या. "हिचं डावं चाक बघायला पाहिजे."

मास्तरांनी पत्राची घडी करून खिशात ठेवली. मावशींनी खुर्ची उलटी करून डावं चाक फिरवलं. ते कितीतरी वेळ, कुठेही न अडता, सरळ फिरत राहिलं. मावशी पाना हातात धरून ते थांबेपर्यंत बघत बसल्या.